'डिसेंट' : अर्थ आणि व्यवहार

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'डिसेंट' या शब्दापुढे 'मतभेद' किंवा 'असहमती' असा अर्थ दिलेला आढळतो. तो चुकीचा नाही. परंतु तेवढ्याने त्या शब्दाचे काम ध्यानात येत नाही. मतभेद घरोघरी असतात. मुलाने कोणत्या शाखेत जावे, लग्न कोठे करावे, वडिलार्जित जमीन विकावी की ठेवावी, या प्रश्नांवर वडील एक म्हणतात आणि काका दुसरे. त्याला कोणी डिसेंट म्हणत नाही. मग हा शब्द नेमका केव्हा वापरावा, त्यात मतभेदाहून अधिक असे काय आहे, आणि ज्याचे मत शेवटी मान्य झालेच नाही त्याने ते लिहून ठेवण्यात काय अर्थ आहे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय निवडण्यास स्थानिक कारणही आहे. आपल्या धार जिल्ह्याच्या दक्षिणेस, नर्मदेच्या खोऱ्यात, कुक्षी तहसील आहे. गेल्या चार-पाच दशकांत तेथील लोकांच्या बोलण्यात 'डूब', 'स्टे', 'अवॉर्ड' हे शब्द रोजचे झाले. शहरातल्या मुलाला 'अवॉर्ड' म्हटले की बक्षीस आठवते. कुक्षीकडच्या शेतकऱ्याला १२ डिसेंबर १९७९ रोजी प्रसिद्ध झालेला नर्मदा पाणीतंटा लवादाचा अंतिम निवाडा आठवतो. त्या निवाड्याने सरदार सरोवर धरणाची उंची ठरविली आणि विस्थापितांस जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे तत्त्वही ठरविले. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व १८ ऑक्टोबर २००० रोजी त्याचा निकाल लागला. तो एकमताचा नव्हता. तीनपैकी एका न्यायमूर्तींनी भिन्न मत दिले. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ आपण शोधीत आहोत तो शब्द आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात येऊन बसला आहे. त्या निकालाकडे शेवटी येऊ. आधी शब्दाची ओळख करून घेऊ.

शब्दाची घडण

'डिसेंट' हा मूळ लॅटिन शब्द. त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ 'वेगळे, दूर' असा आहे आणि उत्तरार्ध 'वाटणे, जाणणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. वेगळे वाटणे, हा त्याचा मूळ भाव. याच धातूपासून इंग्रजीतील 'कन्सेंट', म्हणजे संमती, आणि 'असेंट', म्हणजे अनुमती, हे शब्द झाले. राष्ट्रपती विधेयकास देतात तो 'असेंट'. 'सेन्स' आणि 'सेंटिमेंट' हीदेखील त्याच कुळातील. तेव्हा डिसेंट हा संमतीचा सख्खा भाऊ आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याची संमती विचारली जाते त्यालाच डिसेंट देता येतो. ज्याला कोणी विचारलेच नाही त्याच्याजवळ तक्रार असेल, संताप असेल. परंतु डिसेंट देण्याचे स्थान त्याला मिळालेले नसते.

विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो उच्चारामुळे. 'डिसेंट' असाच उच्चार असलेला दुसरा एक शब्द इंग्रजीत आहे. त्याचे स्पेलिंग वेगळे असून अर्थ 'उतरण' किंवा 'वंश' असा आहे. दोन्हींत जोर दुसऱ्या अक्षरावर येतो, त्यामुळे कानाला फरक कळत नाही. वाक्याच्या संदर्भावरूनच अर्थ घ्यावा लागतो. 'सभ्य' या अर्थाचा 'डीसंट' मात्र उच्चारानेही निराळा आहे. त्यात जोर पहिल्या अक्षरावर येतो. 'डिसिडंट' हा शब्द डिसेंटचाच भाऊबंद वाटतो, पण त्याचे मूळ वेगळे. तो 'बसणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. जो वेगळा जाऊन बसला तो डिसिडंट. राज्यसत्तेपासून अलग झालेल्या, बहुधा तिच्या रोषास पात्र ठरलेल्या व्यक्तीस तो लावतात. 'डिसेन्शन' म्हणजे दुही किंवा कलह. एखाद्या संस्थेत डिसेंट असणे हे प्रकृतीचे लक्षण असू शकेल. डिसेन्शन माजणे हे विकृतीचे.

वाक्यात योजताना आणखी एक बारकावा आहे. इंग्रजीत 'डिसॅग्री' या क्रियापदानंतर 'विथ' येते, तर 'डिसेंट' नंतर 'फ्रॉम' येते. आपल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर पहिल्यास 'शी' हा प्रत्यय लागतो, दुसऱ्यास 'पासून' हे शब्दयोगी अव्यय. आपला मतभेद होतो तो माणसाशी. डिसेंट असतो तो निर्णयापासून वेगळे होण्याचा. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. माणसाशी झालेल्या मतभेदात राग, मान, जुनी उणीदुणी सहज शिरतात. निर्णयापासून वेगळे होताना निर्णय समोर ठेवावा लागतो आणि त्यातले काय पटले नाही ते नेमके दाखवावे लागते.

मराठीत या शब्दाच्या आसपास बरेच शब्द आहेत. 'हरकत' ही काम होण्यापूर्वी घेतात. 'निषेध' हा बहुधा बाहेरून करतात व त्याला कारणमीमांसा जोडलीच पाहिजे असे नसते. 'विरोध' हा काम होऊ नये म्हणून करतात. 'बंड' हे निर्णय घेणाऱ्याचा अधिकारच नाकारते. डिसेंट यांपैकी कोणताच नव्हे. डिसेंट देणारा निर्णयप्रक्रियेत सहभागी असतो, बहुमताचा अधिकार मान्य करतो, आणि तरीही हा निर्णय मला चुकीचा वाटतो असे सकारण व स्वतःच्या नावाने नोंदवून ठेवतो. म्हणूनच आपल्याकडे समित्यांच्या अहवालांत रूढ झालेला 'भिन्न मतपत्रिका' हा शब्द मला सर्वांत समर्पक वाटतो. 'भिन्न मत' यात वेगळेपण आले आणि 'पत्रिका' यात लेखन आले. लिहिल्यावाचून डिसेंटला पूर्णता नाही.

शब्दाचा प्रवास

इंग्लंडात हा शब्द प्रथम गाजला तो धर्माच्या क्षेत्रात. १६६२ च्या कायद्याने तेथील राजमान्य चर्चची उपासनापद्धती सर्व धर्मोपदेशकांवर बंधनकारक केली. ज्यांनी ती मान्य केली नाही त्यांना 'डिसेंटर' हे नाव पडले. १६८९ च्या कायद्याने त्यांपैकी बहुतेकांना उपासनेची मोकळीक मिळाली. परंतु ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदव्या त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिळत नसत. तेव्हा त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली अशाच एका विद्यालयात शिकवीत असे.

या डिसेंटर मंडळींचा आपल्या मराठीशी एक संबंध आहे. बंगालमधील श्रीरामपूर येथे काम करणारा विल्यम कॅरी हा बाप्टिस्ट, म्हणजे डिसेंटर पंथाचा. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठीही शिकवीत असे. पंडित वैजनाथशास्त्री यांच्या साहाय्याने त्याने इंग्रजीतून लिहिलेले मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये छापले आणि १८१० मध्ये मोडी लिपीचे ठसे वापरून मराठीचा कोश प्रसिद्ध केला. आपल्या मातृभाषेच्या आरंभीच्या छापील कोशांमागे अशा एका वेगळ्या मताच्या माणसाचा हात आहे.

आपल्याकडील दोन उदाहरणे

जुलै १९०८ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर नऊ ज्यूरर बसले होते. त्यांपैकी सातांनी टिळकांस दोषी ठरविले, दोघांनी निर्दोषी. बहुमत मान्य करून न्यायमूर्तींनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि लोकमान्यांची रवानगी मंडालेस झाली. त्या दोघांनी धैर्य दाखविले यात शंका नाही. परंतु ज्यूररांनी कारणे देण्याची पद्धत नव्हती. ते दोघे वेगळे पडले एवढेच आज सांगता येते. का, हे सांगता येत नाही. हा मतभेद होता, मतदानही होते; परंतु त्यास डिसेंटचे पूर्ण स्वरूप येऊ शकले नाही.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. सायमन कमिशनशी सहकार्य करण्यासाठी मुंबई विधिमंडळाने नेमलेल्या प्रांतिक समितीचे ते सभासद होते. समितीचा अहवाल तयार झाला तेव्हा त्यांनी त्यावर सही केली नाही. सभात्याग केला नाही, की अहवालाची निर्भर्त्सना करणारे पत्रक काढून ते थांबले नाहीत. १७ मे १९२९ रोजी त्यांनी स्वतःचा स्वतंत्र अहवाल सादर केला. त्यात प्रौढ मताधिकाराची मागणी होती, आणि स्वतंत्र मतदारसंघांऐवजी राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ असावेत असे प्रतिपादन होते. प्रत्येक सूचनेमागे कारण दिलेले होते. पुढे काही प्रश्नांवर त्यांची स्वतःची भूमिकाही परिस्थितीनुसार बदलली. परंतु १९२९ मध्ये त्यांचे मत काय होते आणि कशासाठी होते, हे आज कोणालाही वाचता येते. प्रौढ मताधिकार स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत आला हे सर्वज्ञात आहे.

ज्यूरर आणि डॉ. आंबेडकर यांच्यातील फरक धैर्याचा नाही, नोंदीचा आहे. आणि नोंद ठेवता येणे हे संस्थेच्या नियमांवर अवलंबून असते.

न्यायालयातील भिन्न मत

ब्रिटिश अमदानीत आपले शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाई. तेथील न्यायाधीश राजास एकच सल्ला देत; आतून मतभेद असले तरी १९६६ पर्यंत ते बाहेर प्रकट करण्याची मुभा नव्हती. आपल्या घटनाकारांनी निराळा मार्ग स्वीकारला. घटनेच्या अनुच्छेद १४५ च्या पाचव्या खंडाप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय बहुमताने होतो. परंतु सहमत नसलेल्या न्यायाधीशास भिन्नमताचा निर्णय देण्यास त्यामुळे प्रतिबंध होत नाही. म्हणजे बहुमताचा अधिकार आणि भिन्न मताचे स्थान या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात शेजारी बसविल्या आहेत.

या तरतुदीचे मोल देशाला कळले ते आणीबाणीत. नर्मदेच्याच काठावरील जबलपूरचे नाव ज्याला मिळाले त्या खटल्याचा निकाल २८ एप्रिल १९७६ रोजी लागला. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला आपली अटक बेकायदा आहे असे म्हणत न्यायालयात येता येईल काय, असा प्रश्न होता. चार न्यायमूर्तींनी 'नाही' असे उत्तर दिले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने 'होय' म्हटले. जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क केवळ घटनेने बहाल केला म्हणून अस्तित्वात आला असे नाही, आणि कायद्याच्या आधारावाचून तो हिरावून घेता येत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांस सरन्यायाधीश नेमण्यात आले व त्यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताच्या हक्काची दाद मागण्याचा मार्ग खुला ठेवला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निर्णय स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरविला. १९७६ च्या बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निर्णय चुकीचा होता असे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचे पुत्र. पित्याचा मान राखूनही पित्याच्या निर्णयापासून वेगळे होता येते, हे येथे दिसले.

भिन्न मत हे भावी काळातील सुज्ञतेस केलेले आवाहन असते, असे म्हणण्याची प्रथा आहे. खन्ना यांच्या बाबतीत ते खरे ठरले, आणि म्हणून हे उदाहरण सर्वांना आवडते. परंतु या एकाच उदाहरणावरून 'डिसेंट देणारा शेवटी जिंकतो' असा समज करून घेणे योग्य होणार नाही. त्यासाठी आता कुक्षीकडे परतले पाहिजे.

नर्मदा खटल्यातील भिन्न मत

नर्मदा बचाओ आंदोलनाची याचिका १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. १९९५ मध्ये न्यायालयाने धरणाची उंची वाढविण्यास मनाई केली, १९९९ मध्ये ती ८५ मीटरपर्यंत नेण्यास अनुमती दिली, आणि १८ ऑक्टोबर २००० रोजी अंतिम निर्णय दिला. पीठावर सरन्यायाधीश ए. एस. आनंद, न्यायमूर्ती एस. पी. भरुचा व न्यायमूर्ती बी. एन. कृपाल होते. न्या. कृपाल यांनी स्वतःसाठी व सरन्यायाधीशांसाठी लिहिलेला निर्णय बहुमताचा ठरला. याचिका फार उशिरा आली. धरण बांधावे की नाही हा धोरणाचा प्रश्न शासनाचा आहे. पाण्याची गरज खरी आहे. पुनर्वसन जसजसे होईल तसतशी उंची टप्प्याटप्प्याने वाढवावी. अशी त्याची मांडणी होती. उंची ९० मीटरपर्यंत नेण्यास लगेच अनुमती मिळाली. ही कारणे क्षुल्लक नव्हती. सौराष्ट्र व कच्छमधील अवर्षणाचे हाल खरे होते आणि नर्मदेचे पाणी पुढे तेथे पोहोचलेही.

न्या. भरुचा यांनी काय म्हटले? धरण नको, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांचा मुद्दा मर्यादित व नेमका होता. १९८७ मध्ये प्रकल्पास पर्यावरणविषयक मंजुरी दिली गेली तेव्हा परिणामांचा अभ्यास पूर्ण झालेला नव्हता. आवश्यक माहिती हाती नसताना दिलेली मंजुरी ही खऱ्या अर्थाने मंजुरी नव्हे. म्हणून तज्ज्ञांच्या समितीने आता तपासणी करावी आणि तिची अनुमती मिळेपर्यंत बांधकाम थांबवावे. हे भिन्न मत अनेकांच्या तोंडी 'धरणाविरुद्धचा निकाल' म्हणून येते. तसे म्हणणे चुकीचे आहे. डिसेंटचा आदर करायचा तर प्रथम तो आहे तसा वाचला पाहिजे. आपल्याला हवे होते ते त्याच्या तोंडी घालू नये.

पुढे काय झाले ते आपण जाणतो. बांधकाम चालू राहिले. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमीन न मिळालेल्या पात्र कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि बुडित क्षेत्र ३१ जुलैपर्यंत रिकामे करण्यास सांगितले. त्या वर्षी कुक्षी तहसिलातील चिखल्दा येथे मेधा पाटकर व त्यांचे सहकारी उपोषणास बसले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. चिखल्दा व निसरपूर ही गावे पाण्याखाली गेली. सरकारी नोंदीप्रमाणे या जलाशयाने बाधित झालेली गावे मध्य प्रदेशात १९३, महाराष्ट्रात ३३ आणि गुजरातेत १९ आहेत.

जबलपूरच्या खटल्यातील भिन्न मत ४१ वर्षांनी न्यायालयानेच उचलून धरले. नर्मदा खटल्यातील भिन्न मत उद्या कोणी उचलून धरले तरी निसरपूरची जुनी बाजारपेठ पाण्याबाहेर येणार नाही. मग त्या डिसेंटचा उपयोग काय, असे एखाद्या विस्थापिताने विचारले तर त्यास काय उत्तर द्यावे? भावी काळाकडे बोट दाखविणे हे त्याला उत्तर नव्हे. त्याचे शेत वर्तमानकाळात गेले.

मला सुचते ते उत्तर लहान आहे. त्या माणसाचे म्हणणे न्यायालयाने ऐकले, आणि त्यातील एक भाग एका न्यायमूर्तींस पटला, ही गोष्ट कायमची लिहिली गेली आहे. ती लिहिलेली नसती तर निकाल एकमताचा ठरला असता, आणि उद्याच्या वाचकाला वाटले असते की मंजुरीविषयीच्या शंकांत काही तथ्य नव्हते. शिवाय भिन्न मत समोर असले की बहुमतासही आपली कारणे अधिक काळजीपूर्वक लिहावी लागतात. गेलेले शेत यांपैकी कशानेही परत येत नाही. डिसेंट नुकसान भरून काढीत नाही. नुकसान झालेच नव्हते असे कोणाला म्हणू देत नाही. त्याच्याकडून याहून अधिकाची अपेक्षा करू नये, आणि याहून कमी मोलही त्यास देऊ नये.

या प्रकरणातील आणखी एक गोष्ट मला विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावीशी वाटते. या पीठावरील तिघेही न्यायमूर्ती सरन्यायाधीश झाले : आधी आनंद, १ नोव्हेंबर २००१ पासून भरुचा, आणि मे २००२ मध्ये कृपाल. एवढ्या गंभीर प्रश्नावर उघड वेगळे झालेली माणसे त्याच न्यायालयात एकमेकांसमवेत काम करीत राहिली. निर्णयापासून वेगळे होणे म्हणजे माणसापासून तुटणे नव्हे, हा 'फ्रॉम' आणि 'विथ' यांतील भेद येथे प्रत्यक्षात दिसतो.

आपला व्यवहार

हे सर्व न्यायालयांपुरतेच नाही. सहकारी संस्था, ग्रामसभा, मंडळाची कार्यकारिणी, शाळेची समिती, येथे रोज निर्णय होतात. आपल्याकडे बहुधा दोनच प्रकार दिसतात : सभेत मान डोलवायची आणि बाहेर ओट्यावर टीका करायची, किंवा रागाने राजीनामा फेकून निघून जायचे. तिसरा मार्ग उपलब्ध आहे. 'माझे भिन्न मत इतिवृत्तात नोंदवावे' असे सभेतच सांगावे. मूळ ठराव प्रामाणिकपणे, त्याचा विपर्यास न करता, एका वाक्यात द्यावा. त्यातील जे पटते ते पटते म्हणून सांगावे. जे पटत नाही त्याची कारणे द्यावीत, कोणाचा हेतू काढू नये. आपल्या मते काय करावयास हवे होते ते लिहावे. खाली सही व तारीख घालावी. आणि बहुमताने ठरलेल्या कामात, विवेकास बाध येत नसेल तर, हातभार लावावा.

अध्यक्षांचेही एक कर्तव्य आहे. कोणी असे मत नोंदवू पाहील तर 'कशाला उगाच, एकमताने होऊ द्या' असे म्हणून त्यास गप्प करू नये. दडपून आणलेल्या एकमतापेक्षा नोंदवलेल्या भिन्न मतासह झालेला निर्णय अधिक खरा असतो.

ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ शाळा ही पुस्तिका काढते, त्यांच्याकडून आपण अनेक शब्दांचे अर्थ शिकलो. पुष्कळ अर्थ पाठ करून आले. काही पुढे अनुभवाने कळले. 'डिसेंट' हा दुसऱ्या प्रकारातला शब्द आहे. त्याचे स्पेलिंग आजच्या तासाला पाठ होईल. त्याचा अर्थ मात्र विद्यार्थ्याला त्या दिवशी समजेल, ज्या दिवशी भरल्या सभेत सगळे हात एका बाजूने वर गेलेले असतील आणि त्याला इतिवृत्ताची वही आपल्याकडे मागून घ्यावी लागेल.